हरताळाची डबी

माझ्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझा पगार पाहून नव्हे, आणि चारित्र्य पाहून तर नव्हेच नव्हे. मी अर्जात 'स्वयंपाकघर' हा शब्द बरोबर लिहिला होता, म्हणून दिली. होय, अर्ज. बिरवाडीत कंपनीतल्या माणसांना खोल्या देणारी चिक्कार घरं आहेत. बाकीचे मालक आधारकार्ड मागतात. आमचे मालक कोरा कागद पुढे सरकवून म्हणायचे, "खोली का हवी, ते दहा ओळींत लिहा." माझ्या आधी आलेल्या एका सुपरवायझरने 'सैपाकाची सोय असावी' असं लिहिलं आणि बिचारा पार नदीपलीकडे राहायला गेला. बॉयलरवर काम करणारा एक बिहारी मात्र पहिल्या फटक्यात पास झाला. त्याने अर्ज हिंदीत लिहिला होता, पण हिंदीत त्याची एकही चूक नव्हती.

महाडच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात मराठी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर माणूस देवदेव करतो, नाहीतर सोसायटीच्या सभेत भांडतो. सरांनी सबंध तालुकाच तपासायला घेतला. आमच्या तालुक्याने त्यांना याबद्दल कधी धन्यवाद दिले नाहीत, हे सांगायला नकोच.

सरांच्या शर्टाच्या खिशात एक पितळी डबी असायची. तिला तीन कप्पे होते. एकात डिंकाच्या पाण्यात घोटलेला हरताळ, दुसऱ्यात काजळीची शाई, तिसऱ्यात खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. हरताळ म्हणजे एक पिवळंजर्द खनिज. जुने लोक पोथी नकलताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप देत आणि तो वाळला की वर बरोबर अक्षर लिहीत. 'नियमांना हरताळ फासला' असं आपण पेपरात वाचतो ना, ते इथून आलं. आपण नुसतं वाचतो. सर खरोखरच फासायचे. त्यांचे आजोबा पोथ्या नकलून द्यायचे आणि हे सगळं बिऱ्हाड त्यांच्याकडून आलेलं होतं. कुंचल्याला टोक आणायची रीतसुद्धा आजोबांचीच: केस ओले करून जिभेवर एकदा फिरवायचे, की सुईसारखं टोक येतं. सरांच्या ओठाच्या कोपऱ्यात कायम एक पिवळा ठिपका दिसायचा. मी पहिल्या दिवशी तो पाहिला आणि मला वाटलं, वरण सांडलंय.

सकाळी पेपर आला की सर ओटीवर बसायचे. 'हार्दीक', 'उज्वल', 'आशिर्वाद', एकेकाला गाठून पिवळं करायचे. नऊच्या सुमाराला पेपर आम्हा भाडेकरूंच्या वाट्याला यायचा, तो ओला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, येता-जाता म्हणायच्या, "पेपराला हळद लागली. आता लगीन कवा?"

काकू वरंधच्या वरच्या एका वाडीतल्या. लग्न झालं त्या दिवशी सरांनी त्यांच्या 'नाय'चं 'नाही' करायला घेतलं. मी राहायला गेले तेव्हा त्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली होती आणि काम जिथल्या तिथे होतं.

"पाणी आले आहे का?" सर आतून विचारायचे.

"नाय आला."

"नाही आले."

"तुमच्याकडं पण नाय? मंग कुठंच नाय."

सबंध रायगड जिल्ह्यात सरांना हरवणारी ही एकच व्यक्ती होती, आणि तिचं शिक्षण चौथी. काकूंनी एकदा सुचवलंही होतं की पिवळंच करायचं तर माझी हळद घ्या, ते जुनंपानं दगडाचं कशाला? सर म्हणाले, "हळद उन्हाने उडते. शुद्धलेखन उडता कामा नये."

एकदा माझ्या भावाच्या लग्नाला मी सरांना पोलादपूरला घेऊन गेले. ही माझी चूक, कबूल. स्टँडवर उतरलो तर समोरच कुणा गेलेल्या माणसाचा मोठा फ्लेक्स: फोटो, हार, आणि खाली लाल अक्षरांत 'भावपुर्ण श्रध्दांजली'. लग्नाचा मुहूर्त तासावर आलेला. सरांनी चहाच्या टपरीवरून स्टूल उचललं आणि फ्लेक्सपाशी लावलं. मी इकडेतिकडे पाहत ओळख नसल्यासारखं दाखवायला लागले. ते काही जमलं नाही, कारण आख्खं पोलादपूर मला ओळखतं.

टपरीतून एक दांडगा इसम धावत आला. तो मयताचा धाकटा भाऊ होता.

"ओ मास्तर, काय चाललाय? मयताच्या फोटूला हात नाय लावायचा!"

"फोटोला लावत नाही. 'पु'ला लावतो आहे."

"कुनाला?"

"हा 'पु' ऱ्हस्व आहे," सर स्टुलावरूनच म्हणाले. "'अपुरा' या शब्दातला 'पु' ऱ्हस्व असतो. 'पूर्ण'मधला दीर्घ. भाषेला कळते. तुम्ही गेलेल्या माणसाला अपुऱ्या भावाने वाटेला लावले आहे."

आता हा माणूस सरांना स्टुलासकट उचलून सावित्री नदीत टाकतो, असं मला वाटलं. त्याने मान वर करून तो 'पु' पाहिला. मग त्याने विचारलं, "म्हंजे आमचा भाव कमी पडला व्हय?"

"तसा अर्थ होतो."

"मंग करा मोठा. भाऊ व्हता माझा." आणि त्याने वाकून स्टूल धरलं. सरांनी कुंचला जिभेवर फिरवला, ऱ्हस्व उकार पिवळ्यात गाडला आणि वर दीर्घ काढला. फ्लेक्सला हरताळ नीट धरत नाही अशी कुरकूर करत 'ध्द'चा 'द्ध'ही करून टाकला. आम्ही मुहूर्त चुकवला. माझी वहिनी अजून मला त्यावरून बोलते.

आता माझ्याबद्दल. मी एका कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. येणारा माल तपासायचा, जाणारा माल तपासायचा, सह्या करायच्या. सर मला 'रसायनबाई' म्हणायचे. प्रयोगशाळेत मी मोठी कडक म्हणून प्रसिद्ध होते. तोंडाने पिपेट ओढणाऱ्या एका शिकाऊ मुलीला मी सगळ्यांदेखत असं झापलं होतं की ती रडत घरी गेली. हातमोजे नसतील तर मी कुणाला बाटलीला हात लावू द्यायची नाही. संध्याकाळी अशी ही मी घरी यायची आणि ओटीवर बसून, चहा पीत, एका म्हाताऱ्या माणसाला आर्सेनिक चाटताना बघायची.

कारण हरताळ म्हणजे तेच. आजोबांच्या वेळचा साठा संपला तेव्हा सरांनी मला विचारलं, "रसायनबाई, तुमच्या शास्त्रात हरताळ आहे की नाही?"

"आहे की. आर्सेनिक ट्रायसल्फाइड," मी तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तशी खुशीत म्हणाले. पुढच्या खेपेला मुंबईला गेले तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानातून एक पुडी आणली. पुडी बांधताना दुकानदार म्हणाला, पोटात घ्यायचं नाही हं. मी म्हटलं, छे, लिहायला हवंय. पुस्तकात दिलंय की शुद्ध हरताळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बाजारातला हरताळ शुद्ध असतो, असं मात्र पुस्तकात कुठेही दिलेलं नाही. उजेडात राहिला की त्याचा हळूहळू पांढरा, पाण्यात विरघळणारा सोमल होत जातो, हेही कुठेतरी छापलेलं होतं. ते वाचायला मला पुढे सवड मिळाली.

एकदा, फक्त एकदा, मी बोलले. "सर, कुंचला चाटू नका. विष आहे ते."

सर थांबले. "विष. यातला 'वि' कोणता?"

"ऱ्हस्व."

"मग थोडेच असणार."

मी खो खो हसले. विनोद खरंच चांगला होता. त्या एका विनोदावर मी पुढची सहा वर्षं पुड्या आणून दिल्या.

सरांच्या तळहातांवर मोहरीएवढे टणक दाणे आले, ते नेमके कधी, हे कुणालाच आठवत नाही. मग छातीवर, पाठीवर गडद ठिपके उठले. सर म्हणाले, "सरकारने शुद्धलेखनातून हाकललेले अनुस्वार माझ्या अंगावर आश्रयाला आले आहेत." कातडीचं काही झालं की आमच्याकडे पहिला इलाज म्हणजे महाडजवळचं सव गाव. तिथल्या गरम पाण्यात चार दिवस बसलं की सगळं जातं, असं मानणाऱ्यांत चांगले शिकलेले लोकही असतात. सरही जाऊन बसले. ठिपके तसेच राहिले. 'साबण लाऊ नये' या पाटीचं मात्र 'लावू नये' झालं.

दुसरा इलाज बिरवाडीतल्या तरुण मंडळाने काढला. सरांच्या अंगावर उठलंय ते कंपन्यांच्या पाण्याने, हे त्यांनी चहाच्या एका कपात ठरवलं. मोर्चा ठरला, फ्लेक्स छापून आला आणि सर सगळ्यांत पुढे बसणार असंही ठरलं. सर फ्लेक्स पाहायला गेले. 'दुषित पाण्याचा जाहीर निषेध.'

"'दूषित'ला दीर्घ 'दू' द्या," सर म्हणाले, "मग मी तुमचा रुग्ण."

फ्लेक्स परत छापायला गेला. तेवढ्या दिवसांत मी सरांच्या विहिरीचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत तपासलं. मी कंपनीतली, माझ्यावर विश्वास कोण ठेवणार, म्हणून पुण्याहूनही तपासून आणवलं. पाण्यात घातक काहीच निघालं नाही. मंडळाचा अध्यक्ष खिन्न होऊन म्हणाला, "सर, तुम्ही आमची केसच घालवली." तोवर सरांच्या उजव्या तर्जनीला एक जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती.

शेवटी महाडच्या कातडीच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. काकूंनी मलाही ओढलं. "तू चल गो. डॉक्टर काय बोलला ते ह्ये घरी येऊन शुद्ध करून सांगतील."

डॉक्टर तरुण होता, हसरा होता. त्याने विचारलं: बंगालकडे राहून तिथल्या बोअरचं पाणी प्यायला होतात का? कीटकनाशकांच्या कारखान्यात होतात का? कुठलं भस्म-बिस्म घेता का? सरांनी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हटलं आणि बोलता बोलता उठले. शर्टाची बटणं उघडी, छातीवर सगळे अनुस्वार. डॉक्टरच्या पाठीमागे भिंतीवर एक तक्ता होता: 'सुर्यप्रकाशात जाणे टाळा.' सरांनी डबी काढली, कुंचला बुडवला आणि जिभेवर फिरवला.

डॉक्टरचा चेहरा एकदम बदलला. "आजोबा, काय चाटलंत ते?"

"हरताळ. आणि मी आजोबा नाही, सर."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी प्रयोगशाळेतल्या आवाजात सांगितलं, "आर्सेनिक ट्रायसल्फाइड." सांगितलं आणि त्यातला पहिला शब्द मला त्या दिवशी ऐकू आला. इतकी वर्षं मला त्या नावातला दुसराच शब्द ऐकू येत होता.

"किती वर्षं चाटताय?"

"चौथीत होतो तेव्हापासून," सर 'सू' दीर्घ करत म्हणाले.

काकूंनी माझा हात धरला. "आर्सेनिक म्हंजे काय गो?"

"सोमल."

"उंदरांचा?"

"तोच."

 काकूंचा असा काही पट्टा सुटला की बाहेर बसलेले पेशंट दारात आले. "भाजीत मीठ जरा जास्ती पडला तर ताट सरकवायचा ह्यो मानूस! प्रकृतीला बरा नाय म्हनायचा! आनि जल्मभर उंदराचा औषध चाटत बसला!"

"प्रकृतीला बरे नाही," सर म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

तपासणीत कर्करोग निघाला. बोटापुरता होता. मुंबईच्या सर्जनने स्वच्छ सांगितलं: तर्जनी काढली तर माणूस वाचेल, उशीर केला तर हात, मग काखेतल्या गाठी, आणि मग काही सांगता येत नाही. सरांनी आधी घासाघीस केली. करंगळी घ्या म्हणाले. मग रिपोर्टात स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या आणि असा रिपोर्ट ग्राह्य कसा धरायचा म्हणून हटून बसले. एक महिना गेला. दुसराही निम्मा गेला. जखम रोज थोडी वाढत होती. काकू दिवसभर कुणाशी बोलत नव्हत्या. त्या घरात कुणी 'नाय' म्हणेना आणि कुणी दुरुस्तही करेना.

मी तोवर मिळेल ते वाचून काढलं होतं. अपराधी माणूस फार मन लावून वाचतो. एका रविवारी सकाळी मी ओटीवर जाऊन बसले आणि म्हटलं, "सर, तुमच्या बोटात काय झालंय ते सांगते. निदान ऐका तरी."

"सांगा. क्रियापदे नीट वापरा."

"सोमल पोटात गेला की शरीर त्याला बाहेर घालवायला बघतं. त्यासाठी त्याच्या कणांना एक बारीकशी खूण चिकटवतं. आता, तशाच खुणा शरीर जनुकांवरही लावत असतं. जनुकं म्हणजे आपली पोथी. कुठली ओळ वाचायची, कुठली झाकून ठेवायची, हे त्या खुणांवर ठरतं. दोन्ही कामांना एकाच डबीतला माल. वर्षानुवर्षं सोमल येत राहिला की डबीचा हिशेब चुकतो. खुणा नको तिथून गळतात, नको तिथे बसतात. 'आता वाढ पुरे, थांब' असं पेशीला सांगणारी एक ओळ असते. तीच झाकली जाते."

"ओळ पुसली जाते?"

"नाही. अक्षर न अक्षर जागेवर असतं. सोमल पुष्कळदा अक्षर बदलतच नाही. फक्त वाचता येत नाही. मग पेशी वाढत सुटते."

सरांनी डबी पुढ्यात ओढली. "म्हणजे हरताळ फासलेला असतो," ते म्हणाले.

मला हे सुचलं नव्हतं. एवढं वाचूनही सुचलं नव्हतं. "हो सर."

"आणि पेशीची पुढची प्रत निघते, तेव्हा?"

"झाकलेलं झाकलेलंच उतरतं."

"नकलनवीस अडाणी," सर म्हणाले. मग एकदम सावरून बसले. "पण हे सिद्ध झाले आहे की नाही?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. "कर्करोग होतो हे पक्कं आहे. तो या वाटेने होत असावा, असं म्हणतात. आणखीही वाटा असतील."

"असावा. विध्यर्थ!" सरांना जोर चढला. "तुमचे शास्त्र विध्यर्थात बोलते आणि सर्जन आज्ञार्थात. विध्यर्थावर मी बोट कापून देणार नाही. झाकलेले अक्षर खाली शाबूत असते म्हणता, हे तरी तुम्ही पाहिले आहे का? मी आयुष्यभर झाकत आलो. मी कधी उकलून पाहिलेले नाही."

काकू आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनी माझ्यापुढे आदळला. "ह्यात बघ. ह्यांनी माजी पत्रं पन सोडली नायत."

लग्नानंतरचं पहिलं वर्ष सर महाडला भाड्याच्या खोलीत आणि काकू वरंधच्या वाडीत, असे राहिले होते. काकूंनी तेव्हा चौथीच्या अक्षरात पत्रं लिहिली. नवऱ्याने ती जपून ठेवली, तपासून. पानापानावर पिवळे चौकोन आणि त्यांवर सरांचं मोत्यासारखं अक्षर. बायकोची प्रेमपत्रं दुरुस्त करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्याला जोड्याने न मारणारी बाईही दुसरी पाहिलेली नाही.

मी वर जाऊन हातमोजे चढवून आले. पहिल्याच पत्रात सरांच्या अक्षरातली ओळ होती: 'तुमच्यावाचून करमत नाही.' 'नाही'खाली पिवळा चौकोन. मी कापूस ओला केला आणि हलक्या हाताने फिरवत राहिले. डिंक सुटला. काजळी आधी गेली, मग पिवळं गेलं. खाली निळ्या बॉलपेनची अक्षरं होती, जरासुद्धा फुटलेली नव्हती.

'तुमच्यावाचून करमत नाय.'

पुढच्या ओळीवर तर अख्खी पट्टीच होती. तीही काढली. 'लवकर या. नाय आलात तर मीच येन.'

सरांनी पत्र हातात घेतलं नाही. दुरूनच वाचलं, दोनदा वाचलं असावं. काकू खांबाला टेकून उभ्या होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या.

"शाबूत आहे," सर म्हणाले.

"हो."

"मग शरीरातलेही असेच पुसता येईल?"

"काही रक्ताच्या आजारांत तशी औषधं आहेत. तुमच्या या रोगात अजून नाहीत, सर. तुमच्या बाबतीत बोटच काढावं लागेल."

त्यांनी पत्राकडे बोट केलं. मग म्हणाले, "यावर परत फासू नका. असेच राहू द्या." आणि थोड्या वेळाने, "सर्जनला कोणता वार चालेल, विचारा."

बोट गेलं. सर डाव्या हाताने लिहायला लागले आणि त्यांचं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं झालं. डबी मी घातक कचऱ्यात टाकायला घेऊन निघाले. तिच्यावर चिठ्ठी लावली, तर जाण्याआधी ती त्यांनी मागून घेतली. मी घाईत 'सल्फाईड' लिहिलं होतं. त्यांनी ते 'सल्फाइड' केलं. "'घातक' बरोबर लिहिलेत," असंही म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांना सांगून टाकलं. "सर, सहा वर्षं पुड्या मी आणल्या. मला माहीत होतं, आणि तरी मी आणल्या."  मी रडले, चांगली हमसून रडले. तेव्हा ते मला म्हणाले, "रसायनबाई, 'मी'तला 'मी' दीर्घ असतो, म्हणून त्याला फार मोठा समजू नये. तुमच्या जन्माच्या आधीपासून मी चाटतो आहे." त्यांनी मला माफ केलं, की व्याकरण शिकवलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र स्वतःला माफ केलेलं नाही.

बोट गेल्यावर चार वर्षं बरी गेली. बिनडबीचे सर बाजारात हिंडायचे आणि चुकीच्या पाट्यांपुढे नुसते उभे राहायचे. दुकानदार अस्वस्थ होऊन आपणच विचारायचे, "सर, काय चुकलंय?" मग फुप्फुसात निघालं. डॉक्टर म्हणाले, जुन्या सोमलाचंच असावं. "पुन्हा असावं," सर मला फोनवर म्हणाले. मी तोवर महाडला राहायला गेले होते. फोनवर मला दुसरंच काहीतरी जाणवलं. त्यांनी 'असावे' म्हटलं नव्हतं.

ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी बिरवाडीला गेले. नाक्यावर तरुण मंडळाने फ्लेक्स लावला होता. फोटो, हार, आणि खाली लाल अक्षरांत: 'भावपुर्ण श्रध्दांजली'. मंडळाचा अध्यक्ष खरोखर रडत होता. काय चुकलंय याचा त्याला पत्ता नव्हता. मी तिथे उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या ऱ्हस्व उकाराचा राग आला. पण माझ्या हातात काही नव्हतं. डबी मीच टाकली होती.

घराकडून काकू येताना दिसल्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात काजळाची डबी. वाटीत कालवलेली हळद होती. त्यांनी टपरीवाल्याला स्टूल मागितलं. मागे बायकांत कुणीतरी कुजबुजलं की आता हिने हळदीला हात लावायचा नसतो. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"ह्यो 'पु' बारीक हाय ना गो?"

"हो, काकू."

"येवढा तरी कळतं मला. चाळीसच्या वर वर्सं शिकवत व्हते." त्या स्टुलावर चढल्या. अध्यक्षाने स्टूल धरलं. काडीला गुंडाळलेला कापूस त्यांनी वाटीत बुडवला आणि टोक आणायला जिभेवर फिरवला, हुबेहूब त्यांच्यासारखा. मी ओरडून त्यांचा हात धरला.

"हळद हाय गो ती," काकू म्हणाल्या.

मी हात सोडला. त्यांनी उकार पिवळा केला, बोटाने काजळ घेतलं आणि वर दीर्घ उकार काढला, वाकडा पण ठसठशीत. खाली उतरून लांबून पाहिला. दुपारचं ऊन सरळ फ्लेक्सवर पडलं होतं.

"काकू, हळद उन्हाने उडते," मी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"ठावं हाय," काकू म्हणाल्या. "उडली तर उद्या परत लावीन."